इथं असं कुणी राहत नाही

पुण्यात पत्ता विचारणं हे धाडसाचं काम आहे, हे बाहेरगावच्या माणसाला पहिल्याच दिवशी कळतं. पेठेत विचारलंत तर समोरचा आधी तुमचा प्रश्न दुरुस्त करतो, मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतो आणि वाचता येतं ना, हेही विचारून घेतो. पण सांगतो ते बरोबर असतं. येरवड्याला, जेलच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या चिंचेच्या गल्लीत सगळा मामला उलटा होता. तिथे तुमच्याशी कुणी तिरकं बोलत नसे. उन्हातून आलात म्हणून पाणी देत, टेकायला स्टूल देत, गाव कोणतं ते विचारत आणि मग शांतपणे सांगत, की तुम्ही म्हणताय तो माणूस इथं राहत नाही. कधी राहतच नव्हता. असं नाव आम्ही आजच ऐकतोय. तो माणूस बहुतेक वेळा पाण्याचा तांब्या घेऊन समोरच उभा असे.

ही विद्या गल्लीला मालनबाईंनी शिकवली, असंच सगळे धरून चालत.

मालनबाई गल्लीच्या तोंडाशी, चिंचेखाली पोतं अंथरून गोधड्या शिवत बसायच्या. घराघरांतली जुनी लुगडी, फाटकी धोतरं, विटलेले बुरखे, पोरांचे शाळेचे सदरे त्यांच्या पुढ्यात येऊन पडत आणि काही दिवसांनी ज्याची त्याची गोधडी होऊन घरी जात. धावदोरा असा घालायच्या की जणू मुंग्या रांगेनं चालल्यात. त्यांना ओलांडल्याशिवाय गल्लीत जायची सोयच नव्हती. अनोळखी माणूस लांबून येताना दिसला की त्या आधी त्याच्या पायांकडे बघायच्या, मग बगलेतल्या बॅगेकडे. चपला आणि पिशवी असली तर ठीक, बूट आणि बॅग असली की सुई न थांबवता वाक्य यायचं, "हितं आसं कुनी ऱ्हात न्हाई."

ते वाक्य एकदा पडलं की पुढे गल्लीत कुणालाही विचारा, दशरथ वाण्याला विचारा, नळावरच्या बायकांना विचारा, गोट्या खेळणाऱ्या पोरांना विचारा, उत्तर तेच. ठरवून काही नव्हतं. शाळेत एकानं प्रार्थना सुरू केली की बाकीचे आपोआप हात जोडतात, तसं.

पूर्वी अशी माणसं क्वचित यायची. समन्स घेऊन कोर्टाचा बेलीफ, नाहीतर पळून आलेल्या बायकोच्या शोधातला एखादा नवरा. नव्वदच्या पुढे मात्र बॅगवाल्यांचं अमाप पीक आलं. देशानं म्हणे दारं उघडली होती. चिंचेच्या गल्लीत त्या उघड्या दारातून आधी रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग त्याच्या हप्त्यांचा माणूस आला. मग केबलवाला, फ्रिजवाला, मोबाइलवाला, कार्डवाला. मालनबाईंचं काम वाढलं. गोधडी एरवी आठवड्यात व्हायची, ती रेंगाळू लागली.

चुकाही झाल्या, नाही असं नाही. एकदा चकचकीत बुटांचे चार लोक डायरी घेऊन आले आणि सरोजिनी कुठे राहते म्हणून विचारू लागले. मालनबाईंनी त्यांना परतवून लावलं. दशरथनं त्यांना कल्याणीनगरकडे पिटाळलं. ते होते मुलगी बघायला आलेले पाहुणे. आत सरोजिनी नवी साडी नेसून पोह्यांच्या बशा मांडून बसलेली, आणि तिचा बाप बनियनवर रस्त्यापर्यंत धावत गेला, "अहो, राहतो आम्ही! राहतो!" करत. लग्न जमलं. पण त्या व्याह्यांनी शेवटपर्यंत गल्लीत पाणी प्यायचं म्हटलं की आधी भांड्यात वाकून बघायचं सोडलं नाही.

मालनबाईंच्या आणखीही काही तऱ्हा होत्या. त्यांच्या नावाचं रेशनकार्ड नव्हतं. साखर शेजारच्या आबेदाच्या कार्डावर यायची. मतदानाला त्या कधी गेल्या नाहीत. शिरगणतीवाला मास्तर आला की त्या नेमक्या बाहेरगावी असायच्या, म्हणजे दशरथच्या दुकानामागे. लग्नात फोटोवाल्यानं कॅमेरा त्यांच्याकडे फिरवला की त्यांचं काहीतरी खाली पडायचं आणि ते उचलायला त्या वाकायच्या. गल्लीतल्या सगळ्या लग्नांच्या अल्बममध्ये मालनबाई आहेत, पण नुसती पाठ. बाईचा स्वभावच विक्षिप्त, असं म्हणून लोकांनी ते सोडून दिलं होतं.

जोया ह्याच गल्लीत वाढली. रियाज बेकरीवाल्याची आणि आबेदाची ही एकुलती एक. आबेदा पापड लाटायला जायची, तेव्हा जोयाला मालनबाईंच्या पोत्यावर बसवून जायची. बाराखडी तिनं त्याच पोत्यावर गिरवली, पाढे तिथेच पाठ केले. दहावीला चांगले मार्क पडले, कॉम्प्युटरची पदवी झाली, आणि दोन हजार सहा-सातच्या सुमारास हिंजवडीतल्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. येरवडा शहराच्या एका टोकाला, हिंजवडी दुसऱ्या. कंपनीची बस पहाटेच निघायची आणि संध्याकाळी वाकडच्या पुलाखाली तासन्‌तास उभी राहायची. पण गळ्यात फोटोचं ओळखपत्र अडकवून जोया गल्लीतून निघाली की नळावरच्या बायका बादल्या बाजूला सरकवून तिला वाट देत. तिचा रंगीत फोटो, त्याखाली इंग्रजीत नाव. मालनबाईंनी ते कार्ड एकदा हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं होतं.

"ह्ये गळ्यात घालून फिरायचं? समद्यांनी वाचावं म्हून?"

"हो मावशी. त्याशिवाय आत घेत नाहीत."

"बाई बाई," मालनबाई म्हणाल्या, आणि विस्तवाला हात लागल्यासारखं कार्ड परत दिलं.

नोकरी लागल्यावर जोयानं ढीगभर कागदांवर सह्या केल्या होत्या. त्यातल्या एकात लिहिलं होतं, की तुम्ही दिलेला पत्ता खरा आहे का, हे कंपनी माणूस पाठवून पडताळून घेईल. कुणी वाचतं का ते सगळं? आणि वाचलं असतं तरी तिला त्यात घाबरण्यासारखं काय होतं? जन्मल्यापासून एकच पत्ता होता तिचा.

एका दुपारी सुखदेव नावाचा माणूस मोटारसायकलवरून आला. पायात बूट, छातीशी बॅग, डोक्यावर हेल्मेट. मालनबाईंच्या दृष्टीनं ह्याहून वाईट काही असू शकत नव्हतं. त्यानं कागद बघून नाव वाचलं, "जोया रियाज तांबोळी. इथेच राहतात ना?"

मालनबाईंना नाव नीट कळलं. कुणाचं ते तर कळलंच कळलं. म्हणूनच त्यांनी सुई थांबवून, मान वर करून, एरवीपेक्षा जरा जास्तच ठासून सांगितलं, "हितं आसं कुनी ऱ्हात न्हाई. न्हवतंबी कवा."

सुखदेव दशरथकडे गेला. दशरथ म्हणाला, "तांबोळी? विश्रांतवाडीला बघा." नळावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहून माना हलवल्या. आबेदा त्या दिवशी कोंढव्याला भावाकडे गेलेली, घराला कुलूप. सुखदेवनं कागदावरच्या नंबराचं दार गाठून त्या कुलपाचा फोटो काढला, दशरथकडचं थंड पाणी प्यायला, सगळ्यांचे आभार मानले आणि गेला. संध्याकाळी आबेदा परतल्यावर मालनबाईंनी तिला मोठ्या समाधानानं सांगितलं, "आज येक आला हुता, पोरीचं नाव घिऊन. लावला वाटंला." आबेदानं त्यांचे हात धरले आणि म्हणाली, "अक्का, तुम्ही आहात म्हणून बरं आहे." पोरीला उगाच घोर नको, म्हणून तिनं जोयाला काही सांगितलंसुद्धा नाही.

आठवड्यानं कंपनीतल्या नम्रतानं जोयाला काचेच्या खोलीत बोलावलं. नम्रता जोयाच्याच वयाची, माणसं घेण्या-काढण्याच्या विभागातली. तिनं दार लावून घेतलं.

"हे बघ, मला पर्सनली नाही वाटत तू खोटं बोलली असशील. पण तुझं ॲड्रेस व्हेरिफिकेशन निगेटिव्ह आलंय. आणि साधं निगेटिव्ह नाही गं." तिनं स्क्रीन वळवून दाखवला. गल्लीच्या तोंडाशी गोधडी शिवत बसलेल्या वयस्कर महिलेनं, तसंच दुकानदारानं आणि इतर रहिवाशांनी, अशी कुणी व्यक्ती इथं राहत नाही व पूर्वीही राहत नव्हती, असं ठामपणे सांगितलं.

जोयाला हसू फुटलं. मग लक्षात आलं, की नम्रता हसत नाहीये.

"माझ्याकडे रेशनकार्ड आहे. लाइट बिल आहे. शाळेचा दाखला आहे."

"कागद कुणीही बनवून आणतं यार. लास्ट बॅचला अख्खी डिग्री बनवून आणलेली एकानं. म्हणून तर माणूस पाठवतात." नम्रतानं आवाज उतरवला. "मी भांडून एक री-व्हेरिफिकेशन मिळवलंय. पण त्यांचा रूल असा आहे, की ज्यानं नाही म्हटलं त्याच व्यक्तीनं हो म्हणायला हवं. नाहीतर लोक भलत्यालाच पढवून उभं करतात ना. त्या आजीचं पूर्ण नाव, गाव, सही नाहीतर अंगठा आणि फोटो. तेवढं झालं की क्लिअर. तोपर्यंत तू घरी थांब."

बस वाकडच्या पुलाखाली अडकली होती. जोया खिडकीला डोकं टेकून बसली. माणसाला खोटं पाडायला केवढे शब्द आहेत, तिच्या मनात येत राहिलं. लबाड, फसवी, बनावट, भामटी, थापाडी. मोजत बसलं तर बस येरवड्याला पोचेल. आणि खरं ठरवायला? एक शब्द, खरी. तोही आपला आपण म्हणून चालत नाही. मी खरी, मी खरी, असं ओरडणाऱ्या माणसाचा तर लोकांना जास्तच संशय येतो. तो शब्द दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी उच्चारावा लागतो. दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं एका बाजूला, आणि चिंचेखालच्या म्हातारीचं एक ‘हो’ एका बाजूला.

गल्लीत शिरल्या शिरल्या ती मालनबाईंच्या पुढ्यात उभी राहिली आणि मनात होतं नव्हतं ते सगळं बोलली.

"तुमच्या एका ‘नाही’मुळे मी खोटी ठरले, मावशी. त्यांना वाटतंय मी पत्ता बनावट दिला. माझी नोकरी जाणार आहे. बोलण्याआधी एकदा घरी विचारायचं तरी!"

मालनबाईंच्या हातातली सुई कापडात अर्धी शिरून तशीच राहिली. दशरथ दुकानातून बाहेर आला आणि पुन्हा आत गेला, कारण तोही त्यातलाच होता.

"मंग आता?" मालनबाईंनी विचारलं.

"आता तो माणूस परत येईल. तुम्ही फक्त सांगायचं, की मी इथे राहते. आणि तुमचं पूर्ण नाव, गाव सांगायचं. अंगठा द्यायचा. फोटो काढून घ्यायचा. संपलं."

एवढ्या साध्या गोष्टीवर मालनबाईंचा चेहरा पांढराफटक का पडावा, ते जोयाला कळेना. त्यांनी अर्धी गोधडी गुंडाळली, पोतं झटकलं आणि त्या आपल्या खोलीत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी चिंचेखाली कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. गल्लीचं तोंड बोळकं दिसायला लागलं, आणि एक विमा विकणारा माणूस बिनदिक्कत थेट आतपर्यंत येऊन गेला.

"म्हातारीला एवढं काय झालं? एक अंगठा तर द्यायचाय," जोया भाकरी थापणाऱ्या आईजवळ बसून चिडचिडत होती. "मला अंगाखांद्यावर खेळवलं म्हणतात, आणि वेळ आली तर तोंड लपवतात."

आबेदानं तव्यावरची भाकरी उलटली. चूल बारीक केली. मग दार लोटून घेतलं.

"तुझी दादी मला सांगून गेली होती, कुणाला बोलू नकोस म्हणून," ती म्हणाली. "अक्कांचं नाव मालन नाहीच."

ऐकता ऐकता जोयाची चिडचिड कुठल्या कुठे गेली. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी परभणीकडची एक कोवळी बाई ह्या गल्लीत आली होती. अंगावरच्या लुगड्याला रॉकेलचा वास होता. नवऱ्यानं डबा ओतला होता. काड्यापेटी गळक्या कोनाड्यात भिजली होती, म्हणून बाई जिवंत होती. तो शेजाऱ्याकडे काडी मागायला गेला तेवढ्यात ती निघाली, ती मिळेल त्या गाडीनं पुण्यात उतरली आणि जिथं पाय थकले तिथं, ह्याच चिंचेखाली बसली. जोयाच्या दादीनं तिला आत घेतलं, आपलं लुगडं दिलं आणि रॉकेलचं लुगडं जाळलं. नाव विचारलं, तर ती नुसती थरथरायला लागली. तेव्हा दादी म्हणाली, राहू दे, आजपासून तू मालन.

महिन्याभरानं नवरा आला. सोबत तिचे सख्खे भाऊ. बूट घातलेले, आणि एका भावाच्या काखेत बॅग. ती आत पेटाऱ्याआड होती. दारात दादी उभी राहिली. त्या मंडळींनी नाव सांगितलं, वर्णन सांगितलं, हनुवटीवरचं गोंदण सांगितलं. आणि दादी त्यांना म्हणाली, इथं असं कुणी राहत नाही. मग त्यांनी शेजारी विचारलं, पलीकडे विचारलं, नळावर विचारलं. अख्खी गल्ली त्या बाईला नीट ओळखत पण नव्हती. तरी एकानंही हो म्हटलं नाही.

"ते वाक्य अक्कांनी पेटाऱ्याआडून ऐकलं," आबेदा म्हणाली. "त्या वाक्यावर जगल्या त्या. म्हणून दुसऱ्यांनाही तेच देत बसल्या आयुष्यभर. दुसरं होतं काय त्यांच्याकडे द्यायला?"

ज्या वाक्याला ती लहानपणापासून हसत आली होती, ते वाक्य तिच्या दादीचं होतं. एका बाईला जिवंत ठेवायला तयार झालेलं. लग्नातल्या अल्बमांतली ती पाठ तिला आठवली. कुठंही नाव नाही, कुठंही चेहरा नाही. एवढी वर्षं एक माणूस भर रस्त्याच्या तोंडाशी बसून लपून राहिलं होतं आणि लपल्या लपल्या बाकीच्या सगळ्यांची राखण करत होतं. आणि आपण तिला म्हणालो, संपलं, एवढंच तर द्यायचंय.

ती उठून मालनबाईंच्या खोलीत गेली. मालनबाई गोधडीवर हात ठेवून नुसत्या बसल्या होत्या.

"मावशी, मला नको ती नोकरी. दुसरी बघेन. तुम्ही कुणाला काही सांगायचं नाही."

मालनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "आबीनं सांगितलं व्हय तुला?"

जोयानं मान डोलावली.

"त्यो हाय का मेला, ठावं न्हाई बघ. मेलाबी आसंल," मालनबाई म्हणाल्या. "पर भ्या काय मरत न्हाई. त्याला सवय लागती जितं ऱ्हायाची." मग थोडं थांबून, "जा. भाकर खा जा," एवढंच म्हणाल्या.

सुखदेव आला तो सकाळचाच. ह्या खेपेला आबेदा घरी होती, रियाज बेकरीतून रजा काढून आला होता, दशरथ, सरोजिनीचा बाप, नळावरच्या बायका, सगळे आधीच चिंचेखाली जमून उभे होते. मान खाली, जणू कॉपी पकडलेला वर्ग. सुखदेवनं त्यांना एकेक करून ओळखलं.

"नमस्कार. विश्रांतवाडीला जाऊन आलो मी," तो दशरथला म्हणाला. "फार छान आहे."

दशरथनं कान खाजवला.

"आम्ही सगळे सांगतो ना साहेब, ही आमचीच पोरगी आहे. आमचं चुकलं," रियाज म्हणाला.

"तुमच्या सगळ्यांचं खरं असेल हो, आता," सुखदेव म्हणाला. माणूस वारज्याचा, पण पाणी पुण्याचंच. "पण मला त्या आजी हव्यात. त्या नसतील तर माझा नाइलाज आहे. मागचाच शेरा कायम करून मला जावं लागेल."

जोया पुढे झाली. "नसू दे. करा कायम," ती म्हणाली.

तेवढ्यात गर्दी मागून हलली. मालनबाई येत होत्या. धुतलेलं नऊवारी नेसलेलं, केस चापून बसवलेले, डोक्यावर पदर. हातात पोतं. त्यांनी आपल्या जागी पोतं अंथरलं, त्यावर बसल्या, अर्धी गोधडी मांडीवर घेतली आणि सुखदेवकडे बघून म्हणाल्या, "इचारा."

सुखदेवनं घसा साफ केला. "जोया रियाज तांबोळी. ह्या इथे राहतात का?"

त्या तोंडातून बूटवाल्या माणसाला कधी हो गेलं नव्हतं.

"ऱ्हाती," मालनबाई म्हणाल्या. "हितंच ऱ्हाती. त्या तिसऱ्या दाराच्या आत जल्मली, दाई यायच्या आधी. ह्या हातात आली ती. नाळ म्या कापली. हितं, ह्या पोत्यावर, रांगली, हितंच ‘अ’ काढला तिनं. मागल्या येळंला म्या तुमाला खोटं सांगितलं. पोर खोटी न्हाई, म्या खोटी. लिवा तसं."

सुखदेवनं लिहिलं. लिहिताना त्यानं हेल्मेट काढून खाली ठेवलं होतं, ते कधी काढलं हे त्याचं त्यालाही आठवलं नसतं.

"आजी, तुमचं पूर्ण नाव?"

जोया पुढे धावली, "मावशी, नको..." पण मालनबाईंनी हात वर केला.

त्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव असं चारचौघांत घेत नाही. घ्यायचंच झालं तर उखाण्यात गुंडाळून घेते. मालनबाईंनी ते सरळ घेतलं, चिंध्या निवडताना नको ती चिंधी बाजूला टाकावी तसं. "सरुबाई किसन डुकरे. म्हायेर वाघसांगवी. सासर बी थितंच, नदीपल्याड." एवढी वर्षं त्या तोंडाला ती अक्षरं लागली नव्हती. पहिल्या खेपेला आवाज फुटला, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, जेलच्या भिंतीपर्यंत जाईल असं. "सरुबाई!"

नळ कुणीतरी सुरूच ठेवला होता, तो वाहत होता, आणि तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. अंगठा झाला. सुखदेवनं कॅमेरा काढला. ज्यांची पाठ अल्बमाअल्बमांत होती, त्या बाईनं पदर मागे सारला, हनुवटी वर केली आणि गोंदणासकट सगळा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला. जोयाला वाटलं, आपण आजवर ह्या चेहऱ्याकडे नीट बघितलंच नाही. कोणत्याही कार्डावर तिनं इतका उघडा चेहरा पाहिला नव्हता.

जोयाची नोकरी राहिली, हे इथेच सांगून टाकू, कारण त्यानंतर घडलं ते नोकरीहून मोठं होतं. सुखदेव कागद बॅगेत घालता घालता थांबला.

"अजून एक रकाना राहिला. साक्ष देणारी व्यक्ती स्वतः इथलीच आहे का, हे कुणीतरी सांगावं लागतं. ह्या आजींकडे कागद काही नसेल, तर शेजाऱ्याचं तोंडी चालेल." त्यानं जमलेल्या लोकांकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडी ते नाव जड होऊन आलं. "सरुबाई किसन डुकरे. ह्या इथे राहतात का?"

लोक एकमेकांकडे बघू लागले.

ह्याच नावानं, ह्याच जागी, ह्याच गल्लीला कुणीतरी पूर्वी हाच प्रश्न विचारला होता. तेव्हाचे बहुतेक जण आता नव्हते. जे होते त्यांनी माना खाली घातल्या. वाक्य सगळ्यांच्या ओठावर होतं, सवयीचं, प्रेमाचं. सरोजिनीच्या बापानं तर तोंड उघडलंही होतं आणि त्याच्या बायकोनं त्याच्या पाठीत बोट खुपसलं. मालनबाई पोत्यावर बसून त्या सगळ्यांकडे बघत होत्या. पेटाऱ्याआडून ऐकणाऱ्या माणसासारखा त्यांचा श्वास आत अडकून राहिला होता.

"राहते," जोया म्हणाली.

"तुमचं नाही चालत, मॅडम. तुमच्याबद्दलचीच तर साक्ष आहे," सुखदेव हळूच म्हणाला. चिडून नाही म्हणाला तो.

आबेदा पुढे आली. सासूनं दारात उभं राहून जे वाक्य म्हटलं होतं, ते तिला सुनेच्या नात्यानं आज फिरवायचं होतं. ती स्पष्ट बोलली, "राहतात. सरुबाई इथंच राहतात."

"राहतात," दशरथ म्हणाला.

"राहतात की! आमच्याच आहेत," नळावरून आवाज आला. मग सरोजिनीचा बाप, मग रियाज, मग पोरंसोरं, ज्यांना आजवर नाही म्हणायला शिकवलं होतं तीसुद्धा. राहते, राहतात, इथंच राहतात. एका अनोळखी माणसाला अख्खी गल्ली एका सुरात खरं सांगत होती. जोया तिथं उभी राहून ऐकत होती.

सुखदेवनं रकाना भरला. हेल्मेट उचललं, पण डोक्यात घातलं नाही. मालनबाईंसमोर वाकून त्यानं नमस्कार केला आणि जायला निघाला.

"ओ दादा," मालनबाईंनी त्याला हाक मारली. "वाईच थांबा."

तो थांबला. मालनबाईंनी सगळ्या गल्लीवरून नजर फिरवली. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

"त्यास्नी परत येकदा इचारा की," त्या म्हणाल्या. "मला अजून येकदा ऐकायचंय."